‘फिल्म उंड फोटो’ : नव्या दृष्टीचे सामर्थ्य आणि मर्यादा

मे १९२९ मध्ये श्टुटगार्ट येथे जर्मन वेर्कबुंड या संघटनेने भरविलेले ‘फिल्म उंड फोटो’ हे प्रदर्शन छायाचित्रणाच्या मुक्तीचा क्षण मानले जाते. चित्रकलेचे अनुकरण करणारे धूसर, ‘कलात्मक’ छायाचित्र येथे मागे पडले आणि यंत्राची स्वतंत्र दृष्टी प्रतिष्ठा पावली, असे म्हटले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे.

प्रदर्शनाचे मर्म त्याच्या रचनेत आहे. लास्लो मोहोय-नॉज याने सिद्ध केलेल्या दालनात वैज्ञानिक छायाचित्रे, क्ष-किरणचित्रे, आकाशातून टिपलेली दृश्ये व वृत्तछायाचित्रे कलाकृतींच्या पंक्तीत मांडली होती. म्हणजे छायाचित्राचा अर्थ कर्त्याच्या हेतूपेक्षा शेजारच्या छायाचित्राशी जुळणाऱ्या नात्यातून घडत होता. प्रदर्शन हीच येथे संहिता होती.

सोव्हिएत विभागाची निवड एल लिसित्स्की याची होती. रॉडचेंकोने वरून वा खालून घेतलेल्या छायाचित्रांत परिचित वस्तू अपरिचित होते. श्क्लोव्स्कीने १९१७ मध्ये साहित्याच्या संदर्भात मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या संकल्पनेशी याचे नाते उघड आहे. मात्र प्रश्न येथेच उद्भवतो : दृष्टीला बसलेला धक्का जाणिवेपर्यंत पोहोचतोच काय?

वॉल्टर बेन्यामिनने १९३१ मधील छायाचित्रणविषयक निबंधात ब्रेख्टच्या आधारे दाखवून दिले की, कारखान्याचे नुसते छायाचित्र त्यातील मानवी संबंधांविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. म्हणून त्याने छायाचित्राखालील शब्दांना महत्त्व दिले. याच प्रदर्शनात जॉन हार्टफील्डची छायाचित्र-जुळणी होती. छायाचित्र कापून, जोडून आणि शब्दांशी भिडवून तो त्याला बोलते करीत होता.

पुढचा इतिहास या शंकेला दुजोरा देतो. १९३३ मध्ये हार्टफील्डला देश सोडावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिन येथे भरलेल्या ‘डी कामेरा’ या प्रदर्शनाचे उद्‌घाटन गोबेल्सने केले. तेथे भव्य आकाराच्या छायाचित्रांनी नाझी मेळाव्यांचा गौरव केला. प्रदर्शनतंत्राचा वारसा तसाच राहिला. संदर्भ तेवढा पालटला.

यावरून नवी दृष्टी खोटी होती असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की, रूप स्वभावतःच मुक्तिदायी नसते. कोणत्या संबंधात ते उभे केले जाते यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. रूपातील नावीन्यालाच प्रगतिशीलतेचा पुरावा मानणाऱ्या साहित्यसमीक्षेनेही श्टुटगार्ट ते बर्लिन हे चार वर्षांचे अंतर ध्यानात घ्यावयास हवे.