गोऱ्यांच्या दारात जातीचा दाखला

परदेशात हिंदी माणसावर अन्याय झाला, की आपले पांढरपेशे लेखक लगेच डोळ्यांत पाणी आणतात. आणावं. पण ज्या कागदावर रडायचं तो कागद पुरता वाचावा. अमेरिकेतल्या भगतसिंग थिंद खटल्याची कैफियत हा असा एक कागद. दोस्तहो, साहित्य वाचतो तशी ती वाचा. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि कुणाच्या डोक्यावर पाय देऊन बोलतंय, ते बघा.

आधी कायदा. १७९० साली अमेरिकेनं परक्या माणसाला नागरिकत्व द्यायचं ठरवलं, ते फक्त गोऱ्याला. गुलामी मोडल्यावर १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांना ते खुलं झालं. आशियाई बाहेरच. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी. १९१७ साली हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा पट्टाच बंद. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयानं सुनावलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू तो नव्हेस.

थिंद पंजाबी शीख. १९१३ साली अमेरिकेत आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेत राहिलेला. त्याच्या वकिलांनी ओझावाच्या निकालाचंच टोक धरलं. आमचा अशील उच्चवर्णीय, आर्य, म्हणून कॉकेशियन. पुरावा काय? तर हे लोक खालच्यांशी बेटीव्यवहार करत नाहीत. लग्नाच्या बाबतीत अमेरिकन माणूस काळ्यांकडं ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातल्या आदिवासींकडं बघतो!

१९१३ सालीच बाबासाहेबही अमेरिकेत पोचले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीची कळ बेटीबंदीत आहे, हे त्यांनी तिथं उघडं पाडलं. सातच वर्षांनी तीच बेटीबंदी त्याच देशाच्या न्यायालयात प्रशस्तिपत्रक म्हणून दाखल झाली.

आणि उपयोग? शून्य. १९ फेब्रुवारी १९२३ ला एकमतानं निकाल लागला. शास्त्र काही म्हणो, सामान्य गोऱ्याच्या समजुतीत हा गोरा नाही. ओझावाला शास्त्राची फूटपट्टी, थिंदला समजुतीची. मग आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैष्णोदास बगाई या दुकानदारानं १९२८ साली त्यापायी जीव दिला. १९४६ साली दार उघडलं, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यानं.

अन्याय खराच. तो नाकारणारा आपला नव्हे. वकील म्हणतील, कायद्याच्या चौकटीतच बोलावं लागतं. कबूल. पण त्या चौकटीत बसायला खालच्याचा पाट करावा लागला, त्याचं काय? भिंत पाडा असं ही कैफियत म्हणतच नाही. भिंत राहू द्या, फक्त आम्हाला आत घ्या, एवढीच तिची मागणी.

बरोबर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तेव्हा विरोधाला काही हिंदू संघटनाच उभ्या राहिल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसंच विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नरनं ते अडवलं. म्हणजे आत शिरताना जातीचा दाखला काढायचा, आणि आत शिरल्यावर जात कुठाय म्हणून विचारायचं!

कार्यकर्त्यांनो, परका कोण आणि आपला कोण, याच्या याद्या सरकारं करतच राहतात. त्यांच्याशी भांडावंच लागेल, अर्ज लिहावेच लागतील. पण 'आम्ही त्यांच्यातले नाही' हे वाक्य आपल्या एकाही अर्जात येता कामा नये.