पडद्यावरचा रेमंड आणि घरातला किम

‘रेन मॅन’ हा अमेरिकन चित्रपट १९८८ साली निघाला आणि उत्कृष्ट चित्रपटाच्या मानासह चार ऑस्कर पारितोषिके घेऊन गेला. त्यातला डस्टिन हॉफमनचा रेमंड पाहून ज्याचे काळीज हलले नाही असा प्रेक्षक विरळाच. माझेही हलले होते. पण अलीकडे तो पुन्हा पाहिला तेव्हा एक शंका मनातून जाईना. रेमंडला स्वतःला काय हवे आहे, हे या गोष्टीत कुणी मनापासून विचारले आहे काय?

रेमंडमागे खरा माणूस होता : सॉल्ट लेक सिटीचा किम पीक, जन्म १९५१. आपल्या मेंदूचे डावे-उजवे भाग जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा एक पूल असतो. डॉक्टर त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. किमला तो जन्मतःच नव्हता. तान्हेपणीच त्याला संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला डॉक्टरांनी दिला; आईबापांनी तो मानला नाही. पुढे हजारो पुस्तके त्याला मुखोद्गत झाली, मात्र सदऱ्याची बटणे लावणे अखेरपर्यंत जमले नाही. पटकथाकार बॅरी मॉरो याची त्याच्याशी १९८४ मध्ये गाठ पडली आणि चित्रपटाचे बीज पडले.

पडद्यावर येताना किमचा ‘ऑटिस्टिक’ रेमंड झाला. एवढ्याने बिघडत नाही. आम्ही कादंबरीवालेही माणसांची अशी मोडतोड करतोच. खटकतो तो शेवट. ज्या दारात किमला त्याच्या बापाने पाऊल टाकू दिले नाही, त्याच दारात लेखकांनी रेमंडला परत नेऊन सोडले! आणि सबंध प्रवासात शहाणा होतो तो धाकटा भाऊ. रेमंड हे त्याच्या सुधारणेचे साधन. हॉफमनच्या अभिनयाला माझा नमस्कार आहे, पण पटकथेला नाही.

शास्त्रज्ञ तरी वेगळे वागले काय? हा पूल नसलेली, एरवी बुद्धीने चांगली असलेली प्रौढ माणसे तपासून त्यांनी दाखवून दिले, की यांना म्हणींचा आडअर्थ आणि विनोदाची मेख पकडणे जड जाते. शोध खराच. माझ्या वर्गात ‘नाचता येईना अंगण वाकडे’ शिकवताना एका मुलाने विचारले होते, “गुरुजी, कुणाचं अंगण?” वर्ग हसला, मीही हसलो. त्या मुलाला पुढे काय वाटले ते मी विचारले नाही. परीक्षकाच्या कागदावरही चुकलेल्या उत्तराची नोंद होते. सगळे हसत असताना आपण मागे राहिलो, हे उमगणाऱ्या माणसाची होत नाही.

म्हणून हल्लीची ‘सहभागी संशोधना’ची वाट मला मोलाची वाटते. तीत अशी प्रौढ माणसे नुसती तपासली जात नाहीत; प्रश्न कोणते असावेत हे ती सांगतात, आपल्या मुलाखतीचा लावलेला अर्थ वाचून दुरुस्त करतात. विचार करायला वेळ लागतो म्हणून प्रश्न आधी लिहून पाठवता येतात. साधी गोष्ट, पण तिने उत्तरच बदलते. ‘आमच्याविषयी ठरवाल ते आमच्याशिवाय नको’ ही अपंगांच्या चळवळीची मागणी इथे कामाला लागते. अर्थात सल्लागार म्हणून चार माणसे बसवायची आणि निर्णय मात्र आपणच करायचे, हेही घडू शकते. मानधन कुणाला, मुखपृष्ठावर नाव कुणाचे, हे मी पहिल्यांदा पाहीन.

किमवरचे पुस्तक १९९६ साली आले. शीर्षकात आधी ‘खरा रेन मॅन’, मग किमचे नाव. लेखक वडील, फ्रॅन पीक. बाप प्रेमळ होता यात शंका नाही, तरी किमचे आयुष्य चित्रपटाच्या आणि बापाच्या आडूनच आपल्याला दिसते.

मॉरोने आपला ऑस्करचा पुतळा किमला बरोबर बाळगायला दिला. तो घेऊन बापलेक गावोगाव हिंडले. २००९ साली किम वारला तोवर इतक्या लोकांनी तो पुतळा हाताळला होता, की त्याचा मुलामा झिजला होता.