बॉसवधाचे मोल : ऑनलाइन भूमिकाखेळातील कमाई व वाटप यांची एक समीक्षा

सारांश

ऑनलाइन भूमिकाखेळांत बलाढ्य शत्रूचा, म्हणजेच 'बॉस'चा, सामूहिक वध करून मिळणाऱ्या लुटीचे वाटप कसे व्हावे, या प्रश्नातून खेळाडूंनी स्वतःच्या चलनव्यवस्था निर्माण केल्या. प्रस्तुत लेखात 'ड्रॅगन किल पॉइंट्स' (डीकेपी) ही गुणपद्धती आणि तिचे सुवर्णनाण्यांत झालेले रूपांतर (जीडीकेपी) यांची तुलनात्मक समीक्षा केली आहे. हिशेबाच्या दृष्टीने या दोन पद्धती एकमेकींच्या अगदी जवळच्या आहेत. त्यांतील खरा भेद, चलन खेळाबाहेरून विकत घेता येते किंवा नाही, एवढ्या एकाच मुद्द्यावर उभा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : ऑनलाइन भूमिकाखेळ, खासगी चलन, सामूहिक श्रम, वाटपाचा न्याय, लिलाव.

प्रस्तावना

संगणकीय खेळ हा विषय सामान्यतः करमणुकीच्या सदरात टाकला जातो. तथापि हजारो खेळाडू एकाच वेळी ज्यात वावरतात, वस्तू निर्माण करतात, विकतात आणि साठवितात, अशा ऑनलाइन भूमिकाखेळांकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष जाऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील नॉरॅथ नामक काल्पनिक जगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील दरडोई राष्ट्रीय उत्पन्न २,२६६ डॉलर, म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यानचे, आणि तासाची कमाई सुमारे ३.४२ डॉलर ठरते, असे गणित त्याने मांडले. त्यामुळे खेळातील चलनाला बाहेरच्या जगात किंमत असते, ही गोष्ट विद्वानांच्या चर्चेत आली.

कॅस्ट्रोनोव्हाच्या विवेचनाचा भर खेळातील संपत्तीचे डॉलरमध्ये किती मोल होते, यावर होता. त्याहून निराळा आणि कदाचित अधिक मूलगामी प्रश्न असा की, चाळीस जणांनी मिळून मिळविलेल्या फळात प्रत्येकाचा वाटा किती आणि तो कोणत्या मापाने मोजावा? सहकार, भागीदारी, वेतन आणि सेवाज्येष्ठता या साऱ्या संस्थांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. खेळाडूंनी त्याची जी उत्तरे शोधली, त्यांची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू होय.

१. लूट आणि तिच्या वाटपाचा पेच

नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझर्ड या कंपनीने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ बाजारात आणला. त्याच्या आरंभीच्या काळातील 'मोल्टन कोअर' ही गुहा विवेचनासाठी सोयीची आहे. येथे ४० खेळाडूंचे पथक एकत्र उतरते. एकूण दहा बॉस असून रॅग्नरॉस हा अखेरचा. प्रत्येक खेळाडूच्या पात्राला आठवड्यातून एकदाच या बॉसचा वध करता येतो. पथकात ढाल धरणारे, जखमा भरून काढणारे आणि प्रहार करणारे अशी श्रमविभागणी असते. प्रत्येकाने आपले काम चोख केल्याखेरीज विजय मिळत नाही.

बॉस पडल्यावर मात्र त्याच्या देहातून दोन-चार मौल्यवान वस्तूच निघतात. हक्कदार ४० आणि वस्तू मोजक्या, हा पेचाचा पहिला भाग. दुसरा भाग असा की, यांतील बहुतेक वस्तू ज्याने उचलली त्याच्याशी कायमच्या जखडल्या जातात आणि त्यानंतर त्या कोणालाही विकता येत नाहीत. म्हणजे वस्तू बाजारात विकून पैसे वाटून घेण्याचा सरळ मार्ग खेळाच्या रचनेनेच बंद केलेला आहे. बॉसकडून मिळणारी रोख नाणी ४० जणांत विभागली की नगण्य उरतात. उलट औषधी काढे आणि चिलखताची दुरुस्ती यांवर खर्च होतो, तो वेगळाच. तेव्हा बॉसवधातून कमाई होते असे आपण म्हणतो, त्या वेळी ती कमाई प्रत्यक्ष नाण्यांची नसून अविक्रेय वस्तूंवरील हक्काची असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. या हक्काला माप हवे होते, आणि कंपनीने ते दिले नव्हते.

२. डीकेपी : हजेरीचे चलन

हे माप खेळाडूंनी त्याआधीच शोधले होते. १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट'मधील 'आफ्टरलाईफ' या खेळाडू-संघाने डीकेपी ही पद्धती प्रचारात आणली. लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन या दोन ड्रॅगनांच्या वधावरून तिला हे नाव पडले. प्रत्येक बॉसवधाला हजर असणाऱ्यास ठरावीक गुण द्यावयाचे. वस्तू निघाली की इच्छुकांनी आपल्या खात्यातील गुण मोजून ती घ्यावयाची. त्याची वही संघ स्वतः ठेवीत असे आणि कंपनीचा तिच्याशी संबंध नसे.

चलन या दृष्टीने पाहता डीकेपीची तीन वैशिष्ट्ये दिसतात. ते केवळ सहभागातून मिळते. ते दुसऱ्यास देता येत नाही. आणि संघ सोडताच ते निर्मूल्य होते. पाठ्यपुस्तकांत सांगितलेली पैशाची कार्ये ते अपुरेपणानेच पार पाडते. परंतु हा अपुरेपणा दोष नव्हे, तोच त्याचा गुण होय. ज्याच्या खात्यात गुण आहेत तो त्या रात्री तेथे होता, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते.

या पद्धतीलाही चलनाचे सर्व विकार जडले. प्रत्येक बॉसवधाबरोबर नवे गुण निर्माण होत राहिले. जुन्या सभासदांच्या गरजेच्या वस्तू संपल्या, तरी त्यांची खाती फुगत गेली. नवागतास वर्षभर वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे दर आठवड्यास शिल्लक गुणांत ठरावीक टक्के घट करणे. दुसरा 'शून्य-बेरीज' पद्धतीचा. समजा ४० जणांच्या पथकातील एकाने ३९० गुणांना वस्तू घेतली, तर ते गुण नष्ट न होता उरलेल्या ३९ जणांना प्रत्येकी १० याप्रमाणे मिळतात. संघातील गुणांची एकूण बेरीज कायम राहते आणि चलनवाढ आपोआप रोखली जाते. अर्थशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या तरुणांनी केवळ अनुभवातून येथवर मजल मारली, ही गोष्ट कौतुकास्पद आहे.

या विषयावरील दोन निबंध येथे विचारात घ्यावयास हवेत. २००९ मध्ये 'गेम्स अँड कल्चर' या नियतकालिकात मार्क सिल्व्हरमन आणि बार्ट सायमन यांनी डीकेपीचे विवेचन फूकोप्रणीत शिस्तीच्या संकल्पनेच्या आधारे केले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात क्रिस्टा-ली मॅलोन यांनी त्याच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास मांडला. शिस्तीचे भाष्य मार्मिक आहे. गुणांची वही खेळाडूला ठरल्या वेळी हजर राहावयास आणि आपली वर्तणूक मोजली जाऊ देण्यास शिकविते, यात संशय नाही. मात्र या भाष्यात एक बाजू झाकोळली जाते. ही वही सभासदांना वाचता येत होती, तिचे नियम चर्चेने बदलता येत होते आणि ती न पटल्यास संघ सोडण्याची मुभा होती. कारखान्यातील हजेरीपटाला ही लक्षणे क्वचितच लागू पडतात.

डीकेपीची खरी मर्यादा अन्यत्र आहे. ते हजेरी मोजते, कर्तृत्व मोजत नाही. हजेरी देऊ शकण्यासाठी मोकळा वेळ लागतो आणि तो सर्वांपाशी सारखा नसतो. नोकरी सांभाळणारा, लहान मुलांचे पालनपोषण करणारी किंवा पाळीत काम करणारा माणूस आठवड्यातून चार रात्री हजर राहू शकत नाही. पैशाच्या विषमतेला येथे दार बंद होते, पण वेळेची विषमता मोकळेपणाने आत येत होती. डीकेपीच्या गुणगानात हे विसरले जाते.

३. जीडीकेपी : गुणांच्या जागी सोने

वेळेच्या विषमतेवर उत्तर म्हणून जीडीकेपी पुढे आली. 'जी' हे अक्षर सोन्याचे. २०१९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती 'क्लासिक' या नावाने पुन्हा सुरू झाल्यावर ही पद्धती विशेष फोफावली. निघालेल्या प्रत्येक वस्तूचा पथकातच खेळातील सुवर्णनाण्यांत लिलाव होतो. जमलेली सर्व रक्कम अखेरीस सहभागी खेळाडूंत समान वाटली जाते. अनेकदा संयोजक आपला हिस्सा आधी काढून घेतो. उदाहरणार्थ, ४० जणांच्या पथकात २०,००० नाणी जमली आणि संयोजकाचा हिस्सा नसला, तर प्रत्येकास ५०० मिळतील. ज्याने ५,००० मोजून वस्तू घेतली, त्याला ती निव्वळ ४,५०० ला पडेल. ज्याला काहीच नको होते, तो ५०० कमावून जाईल. आपल्याकडील लिलावाच्या भिशीत बोलीतून सुटलेली रक्कम सभासदांत वाटली जाते. त्या भिशीशी परिचित असणाऱ्यास हा व्यवहार समजावयास वेळ लागणार नाही.

येथे बॉसवध प्रथमच थेट चलनप्राप्तीचे साधन बनला. दीर्घकालीन सभासदत्वाची अट गळून पडली. एका रात्रीचे श्रम त्याच रात्री चुकते झाले. ज्याला आठवड्यातून एकच रात्र मोकळी आहे, त्याच्या दृष्टीने ही व्यवस्था डीकेपीहून न्याय्य होती, हे मान्य केले पाहिजे.

जीडीकेपी ही शून्य-बेरीज डीकेपीचीच जुळी बहीण आहे. दोहोंतही घेणाऱ्याने मोजलेली किंमत इतरांत समान वाटली जाते. दोहोंतही बॉस स्वतः चलन देत नाही, सहकारीच एकमेकांस ते देतात. एकक तेवढे बदलले. परंतु डीकेपीचा गुण रात्री जागूनच मिळवावा लागतो. सुवर्णनाणे मात्र कोठूनही येऊ शकते.

ते कोठून येते, याचे एक चित्र ज्युलियन डिबेल या पत्रकाराने जून २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मध्ये रेखाटले होते. चीनमधील नानजिंग शहरातील एका कार्यशाळेत तरुण कामगार रात्रपाळीत बारा-बारा तास हाच खेळ खेळून नाणी गोळा करीत. १०० नाण्यांमागे कामगाराला १० युआन, म्हणजे सुमारे सव्वा डॉलर मिळे आणि तासाची मजुरी ३० सेंटच्या आसपास पडे. तीच नाणी मालक ३ डॉलर किंवा त्याहून अधिक भावाने विकी आणि शेवटच्या ग्राहकास ती २० डॉलरपर्यंत पडत. एका व्यवसायाने ४० जणांचे पथक बांधून ग्राहकांना बॉसच्या लढाईतून पार नेण्याची सेवा विकल्याचाही उल्लेख त्या लेखात आहे. पाळी संपल्यावर हेच कामगार करमणुकीसाठी पुन्हा त्याच खेळात रमत, ही नोंद वाचकास अंतर्मुख करणारी आहे.

विकत घेतलेले असे सोने लिलावात उतरले की बोली चढते. प्रामाणिकपणे कमावणारा तिथवर पोहोचू शकत नाही. त्याने एक तर स्वतःही सोने विकत घ्यावे, किंवा वस्तूची आशा सोडून इतरांसाठी लढणारा मजूर व्हावे. समान वाटपाच्या आवरणाखाली पथकात बोली लावणारे आणि भार वाहणारे असे दोन वर्ग पडतात. शिवाय वाटपानंतर हे सोने सर्वांच्या खात्यांत मिसळते. ज्याने कधीही नाणी विकत घेतली नाहीत, त्याच्याही कमाईत त्या दूरच्या रात्रपाळीचा अंश येतो. डीकेपीच्या गुणावर तो कसा मिळविला याची नोंद होती. सोन्यावर ती नसते.

४. कंपनीची भूमिका

एप्रिल २०१५ मध्ये ब्लिझर्डने अमेरिकेत 'टोकन' विक्रीस काढले. खेळाडूने २० डॉलरला टोकन घ्यावे, ते दुसऱ्यास सोन्याच्या बदल्यात द्यावे आणि त्या दुसऱ्याने त्यावर ३० दिवसांचे सभासदत्व मिळवावे, अशी ती योजना होती. बेकायदा विक्रेत्यांना पर्याय देणे हा तिचा हेतू होता. मे २०२३ मध्ये 'क्लासिक'च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' आवृत्तीतही टोकन आले. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ पासून 'सीझन ऑफ डिस्कव्हरी'च्या दुसऱ्या टप्प्यात आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वर्धापन सर्व्हरांवर जीडीकेपीस बंदी घालण्यात आली.

एकाच कंपनीने एका आवृत्तीत सोने विकत घेण्याचा अधिकृत मार्ग खुला करावा आणि दुसरीत विकत घेतलेले सोने खर्च करण्याची पद्धती निषिद्ध ठरवावी, यात तात्त्विक सुसंगती शोधणे कठीण आहे. तथापि ही बंदी निरर्थक होती असेही म्हणता येत नाही. सर्वोत्तम वस्तू सोन्याने मिळेनाशा झाल्या की सोने विकत घेण्याचे मोठे कारणच उरत नाही. मागणी घटविणे हा पुरवठ्यावर धाड घालण्याहून अधिक प्रभावी उपाय ठरू शकतो. मात्र तिची किंमत कोणी मोजली? मोकळा वेळ नसलेल्या खेळाडूने. त्याला परत संघाच्या वहीकडे, किंवा संघप्रमुखांच्या मर्जीने वाटप करणाऱ्या मंडळाकडे जावे लागले.

निष्कर्ष

१) बॉसवधातून होणारी कमाई ही मूलतः सामूहिक श्रमाच्या वाटपाचा प्रश्न आहे. वस्तू अविक्रेय असल्यामुळेच खेळाडूंना स्वतंत्र चलन निर्माण करावे लागले.

२) डीकेपी आणि जीडीकेपी यांतील अन्याय वाटपाच्या सूत्रात नाही. पहिलीत तो मोकळ्या वेळेच्या रूपाने आणि दुसरीत बाहेरील पैशाच्या रूपाने प्रवेश करतो.

३) या दोन अन्यायांत जीडीकेपीचा अन्याय अधिक गंभीर मानावा लागतो. वेळेची विषमता डोळ्यांना दिसते आणि संघ नियम बदलून ती काही अंशी सौम्य करू शकतो. विकतच्या सोन्यामागील श्रम मात्र दिसत नाहीत आणि त्यांवर संघाचा कोणताही अधिकार चालत नाही.

४) म्हणून केवळ लिलावावर बंदी पुरेशी नाही. विक्रेय नसलेले, परंतु एका रात्रीच्या सहभागालाही योग्य मोल देणारे एकक घडविणे, हे काम खेळ रचणाऱ्यांनी स्वतःकडे घ्यावयास हवे. आजवर ते खेळाडूंनी आपल्या वह्यांतून केले आहे.

श्रमाचे मोल ठरविताना आपण काय मोजतो आणि काय मोजावयाचे सोडून देतो, हा प्रश्न वाणिज्य, समाजशास्त्र आणि वाङ्मय या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासकांना सारखाच जवळचा आहे. त्याच्या अभ्यासासाठी या खेळांनी पाव शतकाहून अधिक काळ चाललेला प्रयोगच उपलब्ध करून दिला आहे.