'जन पळभर' : तक्रार की सुटका?

भास्कर रामचंद्र तांबे ह्यांची 'जन पळभर' ह्या आरंभीच्या शब्दांनी ओळखली जाणारी कविता मराठी घराघरांत ठाऊक आहे. वसंत प्रभू ह्यांच्या चालीवर लता मंगेशकर ह्यांनी ती गायिली, आणि १९४१ साली दिवंगत झालेल्या ह्या ग्वाल्हेरच्या राजकवीचा संग्रह ज्यांनी कधी उघडला नाही, त्यांच्याही ओठी ती जाऊन बसली. लोकप्रियतेने मात्र तिचा एक अर्थ रूढ केला : जग कृतघ्न आहे, गेलेल्याला ते चटकन विसरते, अशी ही तक्रार आहे. वर्गातही बहुधा असेच सांगितले जाते आणि विद्यार्थी 'कवीची निराशा' ह्या मथळ्याखाली उत्तर लिहून मोकळा होतो.

आमच्या मते ही तक्रार नव्हे. तक्रारीचा सूर ऐकावयाचा असेल तर तांब्यांचीच 'मावळत्या दिनकरा' घ्यावी. उगवत्यास वंदन करून मावळत्याकडे पाठ फिरविणाऱ्या जनरीतीची खंत तेथे उघड आहे. येथे कवी जगास जाब विचारीत नाही. तो स्वतःस सोडवून घेऊ पाहतो.

ह्याचा पुरावा कवितेच्या व्याकरणात आहे. पहिल्या तीन कडव्यांतील बहुतेक ओळी भविष्यकाळी क्रियापदावर येऊन थांबतात. सूर्य, चंद्र, तारे, वारे, मेघ, शेते, नद्या असे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाचे क्रियापद त्याच प्रत्ययाने संपते; रहाटाचे पोहरे वर यावेत तसे. काळाची गती येथे सांगितलेली नाही, ऐकविलेली आहे. आणि त्याच माळेत, त्याच प्रत्ययासह, सखेसोयरेही येतात. डोळे पुसून त्यांनी कामास लागणे हे मेघांनी वर्षण्याइतकेच स्वाभाविक ठरते. मेघांना कोणी कृतघ्न म्हणत नाही. मग सोयऱ्यांनाच का म्हणावे?

चौथ्या कडव्यात काळ पालटतो. राम व कृष्ण ह्यांचे येणेजाणे भूतकाळात सांगून कवी सुतकाची गोष्ट काढतो. सुतकास दिवसांची मर्यादा असते, हे घरातील लहान मुलासही ठाऊक. अवतारी पुरुषांच्या जाण्याला हे घरगुती माप लावण्यात किंचित विनोदही आहे. पाचव्यात विध्यर्थ येतो : कुढावे कशाला, गुंतावे कशाला? पुढे काय होईल, मागे काय झाले आणि आता काय करावे, अशी ही वाट आहे. निराश मनुष्य इतका नेमका चालत नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. ध्रुवपदात 'मी' आहे, तिसऱ्या कडव्यात 'मी' आहे, चौथ्यात 'मज' आहे; पाचव्यात प्रथमपुरुषी सर्वनाम उरलेलेच नाही. ध्रुवपदाच्या अखेरीचा 'काय' हा प्रश्न आहे. कवितेचा शेवटचा शब्दही 'काय'च, पण तेथे त्याचा अर्थ काया. शांतीत विरून जावयाची ती ही काया. यमकासाठी शब्द जुळविणारे कवी पुष्कळ. येथे यमकानेच आशय पुढे नेला आहे.

तरीही ही मुक्ती कवीच्या हाती लागली, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस, नदीतटावर हीच पावले पुन्हा उमटणार नाहीत ह्या विचारापाशी, तो क्षणभर अडखळतो. 'हेच' ह्या शब्दात देहाची सारी माया आहे. नद्या गर्वाने वाहतील असे म्हणणाऱ्यास नदीकाठ सोडवत नाही, हे उघड आहे. म्हणूनच मुक्तीची ओढ येथे खरी वाटते. ज्याला काही सोडावयाचेच नाही त्याची विरक्ती कोणास हवी?

हरिदूताचा उल्लेख आम्हांस मात्र थोडा घाईचा वाटतो. चार कडवी निसर्ग आणि माणसे ह्यांच्या आधाराने चाललेला विचार एकाएकी भक्तिमार्गाच्या परिचित शब्दांत शिरतो. पण तेथेही कवी उत्तर देत नाही, प्रश्नच करतो. गाताना त्या प्रश्नानंतर रीतीप्रमाणे ध्रुवपद परतले की विरलेला 'मी' पुन्हा उभा राहतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात विलापच रेंगाळतो. वर्गात ही कविता एकदा तरी चालीवाचून, शेवटच्या 'काय'पाशी थांबून वाचून दाखवावी.