पीकपाहणीचे नवे यंत्र आणि गायरानातला माणूस

यंत्राला जात कळत नाही, ते तोंड पाहून नोंद करीत नाही, म्हणून संगणक आणि मोबाइल हे दलितांचे मित्र आहेत, असा युक्तिवाद अलीकडे आपल्याच सुशिक्षितांकडून ऐकू येतो. त्यात काहीच तथ्य नाही असे नव्हे. एका उताऱ्यासाठी ज्यांनी चावडीवर हेलपाटे घातले, त्यांना घरबसल्या मिळणाऱ्या उताऱ्याचे मोल सांगण्याची गरज नाही. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे सातबाऱ्यावर आपले नाव आहे! धाराशिव जिल्ह्यातल्या गायरानात प्रश्न नेमका तिथेच सुरू होतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करी. आता शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर गट क्रमांक निवडायचा, रानात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि पाठवायचे. हे ॲप आधी खातेदार विचारते. गायरान कसणाऱ्याला खाते कुठले? त्या गटाचा मालक सरकार. सोयाबीन उभे आहे, बी उसनवारीचे आहे, खुरपणी बायकापोरांनी केली आहे. पण यंत्राच्या लेखी तिथे शेतकरीच नाही. नोंद नाही म्हणून पीकविमा नाही आणि हमीभावाच्या खरेदीत नाव नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही जमिनीच्या नोंदीलाच बांधलेला. आणि गंमत पाहा, सरकारी जमिनी दाखवून बोगस विमा उतरवल्याची प्रकरणे २०२४ मध्ये मराठवाड्यात गाजली. म्हणजे न कसणाऱ्याला त्या जमिनीवर विमा उतरवता आला, कसणाऱ्याला नाही.

हे अपघाताने झाले असे मानणे भाबडेपणाचे आहे. यंत्र जातीविषयी अडाणी असेल, पण त्याला जी दप्तरे खाऊ घातली ती अडाणी नव्हती. गावाच्या शिवेचा तंटा पडला की ज्याची साक्ष प्रमाण धरली जाई, तो महार स्वतः मात्र बलुत्यावर आणि वतनावर राबत राहिला. याच जिल्ह्यात, कसबे तडवळे येथे, फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. पुढे १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्यासाठी पुरावा कोणता? तलाठ्याचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि दंडाची पावती. गुन्हा म्हणून का होईना, माणूस कागदावर होता, आणि त्या गुन्ह्याच्या नोंदीवरच त्याचा हक्क उभा राहत होता. पीकपाहणीच्या ॲपमध्ये तो गुन्हेगार म्हणूनसुद्धा नाही.

ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यांनाही हे यंत्र सुखाने जगू देते असे नाही. २०२० च्या खरिपात उस्मानाबाद जिल्ह्यात (तेव्हाचे नाव हेच) पावसाने पिके गेली, तेव्हा ७२ तासांच्या आत नुकसान कळवले नाही म्हणून विमा कंपनीने भरपाई नाकारली. रानात पाणी साचलेले असताना ७२ तास मोजण्याची ही अट कोणत्या शेतकऱ्याला विचारून घातली? मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. हा विजय मोठाच होता. पण तो ज्यांच्या हाती विमा हप्त्याची पावती होती त्यांचा होता. त्याच पावसात गायरानातले सोयाबीनही कुजले. त्याच्या मालकाला दाद मागायला कंपनीने काही नाकारावेही लागले नाही.

तलाठ्याला निदान घेराव घालता येत होता. पडद्यावर खातेदाराचे नाव येत नाही, तेव्हा घेराव कोणाला घालायचा? कार्यकर्त्यांनी यावर भाषणे जरूर करावीत. पण त्याआधी आपापल्या गावच्या १-ई च्या प्रमाणित नकला काढाव्यात, जुन्या दंडाच्या पावत्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांतून शोधाव्यात, आणि पीकपाहणीत 'प्रत्यक्ष कसणारा' असा वेगळा रकाना मागावा.