शून्य बाइटांची फाईल

लिनक्समधल्या /प्रॉक/एमडीस्टॅट या फाईलचा आकार विचारलात तर उत्तर येतं: शून्य. उघडलीत तर आत मजकूर असतो. तो डिस्कवर कुठेच लिहिलेला नाही. तुम्ही वाचायला घेता तेव्हा कर्नल तो तिथल्या तिथे लिहून देतो. ही फाईल मी एका रात्रीत शंभरेक वेळा वाचली आहे, म्हणून तिची समीक्षा करायचा हक्क सांगतोय.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरात दोन डिस्क आहेत, एकीवरचं सगळं दुसरीवरही. त्यांवर बाबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह स्कॅन करून ठेवल्यात. मूळ निगेटिव्ह बुरशीने गेल्या. एक डिस्क बंद पडली तेव्हा फाईलमधल्या [यूयू]चं [यू_] झालं. बस, एवढीच बातमी. आरडाओरडा नाही, लाल रंग नाही. ही काटकसर मला आवडली.

नवी डिस्क लावल्यावर खाली एक पट्टी उगवली. बरोबरचं एक चिन्ह म्हणजे पाच टक्के. शेजारी एका दशांशापर्यंत टक्केवारी, वेग आणि उरलेली मिनिटं. रात्री दीडला ३१० मिनिटं होती. मला धीर निघेना. उरलेली डिस्कही गेली तर? मी फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवायला घेतले आणि आकडा ९४० वर गेला. आधी वाटलं, झालं, हीपण चालली. मग उलगडलं. हा अंदाज जेमतेम गेल्या अर्ध्या मिनिटातल्या वेगावरून निघतो, आणि दुसरं कुणी डिस्क वापरतंय असं दिसलं की कर्नल आपलं काम हळू करतो. म्हणजे माझी भीतीच त्या आकड्यात उतरली होती. खोटं तो बोलत नव्हता, पण त्याला भविष्य समजणं ही माझी चूक. (तुमच्या ॲपमधली '९९ टक्के'वर अडकणारी पट्टी मात्र सर्रास थापा मारते.)

सकाळी [यूयू] परतलं आणि पट्टी गायब झाली.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. काही महिन्यांनी मी दोन्ही प्रती ताडून बघायला सांगितलं. पुन्हा पट्टी, पुन्हा शंभर टक्के, पुन्हा निर्मळ [यूयू]. तपासणीत काय सापडलं, याबद्दल चकार शब्द नाही. ते सांगणारा आकडा दुसरीकडेच, /सिस खाली, 'मिसमॅच_सीएनटी' नावाच्या फाईलीत पडून असतो. माझ्याकडे तो १२८ होता. कोणत्या फोटोत, ते तोही सांगत नाही, सांगणार कसा? या थराला फाईल म्हणजे काय हे ठाऊकच नाही, त्याला फक्त ब्लॉक दिसतात. दोन प्रतींत फरक असला तर खरी कोणती हेही त्याला ठरवता येत नाही. दुरुस्त कर म्हटलं तर एकीवरचं तो दुसरीवर उतरवतो आणि मोकळा होतो.

याच्या वरच्या थरातली ईएक्सटी४ त्या मानाने बोलकी. किती चुका आढळल्या, पहिली कधी, शेवटची कधी, हे ती लक्षात ठेवते, मशीन बंद करून सुरू केलं तरी. पण त्या चुका तिच्या स्वतःच्या रचनेतल्या. फोटोच्या आतला एखादा बाइट बदलला तर तिलाही कळत नाही. बीटीआरएफएस डेटाचेही चेकसम ठेवते, म्हणून तिची तपासणी काय बिघडलं तेही सांगू शकते.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे. एफटूएफएस असेल तर किती सेगमेंट मोकळे, किती साफ करायचे, हे तोही मांडून ठेवतो. सेटिंग्जमध्ये तुम्हाला दिसतं ते फक्त किती जीबी भरले.

एमडीस्टॅट काम किती झालं ते चोख सांगते, आणि [यूयू] बघून आपण समजतो की सगळं ठीक आहे. एवढी नेमकी लिहिणारी फाईल तो १२८ त्याच ओळीत का देत नाही? जागा तर होती.

सध्या मी फोटो एकेक करून उघडतोय. चारशे बारा झाले. एकात आत्याच्या लग्नातला मांडव अर्ध्यावर करडा झालाय, पण तो स्कॅन करतानाच तसा आला होता का, ते आठवत नाही.