डिजिटल संगीतविक्री आणि ‘अपग्रेड’चे मूल्य : आयट्यून्स स्टोअरच्या दरधोरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

तबकडी किंवा सीडी विकत घेणाऱ्याला ती कोणत्या यंत्रावर वाजवावी हे विक्रेता सांगत नसे. डिजिटल दुकानाने या व्यवहाराचे स्वरूप बदलले. ॲपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत सुरू केलेल्या आयट्यून्स म्युझिक स्टोअरमध्ये ९९ सेंटला मिळणारे गाणे ‘फेअरप्ले’ नावाच्या तांत्रिक कुलपासह ग्राहकाच्या हाती पडे. पुढे हे कुलूप निघाले. परंतु जुन्या ग्राहकांना त्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले. त्यातून निर्माण झालेल्या नाराजीचे मूळ रकमेत नसून आकारणीच्या तत्त्वात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

धोरणाची वाटचाल

आरंभीची गाणी सेकंदाला १२८ किलोबिट या दर्जाची होती आणि ती ठरावीक संख्येच्या संगणकांवरच वाजत. ६ फेब्रुवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्राद्वारे अशा कुलपांविरुद्ध भूमिका मांडली. ध्वनिमुद्रण कंपन्या स्वतः सीडीवर कुलूपरहित संगीत विकतात, मग ऑनलाइन विक्रीलाच बंधन कशासाठी, हा त्यांचा युक्तिवाद होता. ३० मे २००७ रोजी ईएमआय कंपनीच्या संगीतासह ‘आयट्यून्स प्लस’ सुरू झाले. यात २५६ किलोबिट दर्जाचे कुलूपरहित गाणे १.२९ डॉलरला मिळे. ज्यांनी तेच गाणे पूर्वी घेतले होते, त्यांच्यासाठी अपग्रेडचा दर ३० सेंट ठेवण्यात आला.

आकारणीतील विसंगती

आरंभी हा हिशेब सरळ होता. नव्या व जुन्या किमतीतील फरक ३० सेंट होता आणि तेवढाच जुन्या ग्राहकाकडून घेतला जाई. तथापि ऑक्टोबर २००७ मध्ये ‘प्लस’ गाण्याची किंमत ९९ सेंटवर आली, तरी अपग्रेडचा दर कायम राहिला. परिणामी नवा ग्राहक शंभर गाण्यांसाठी ९९ डॉलर देत असे, तर आधीपासून दुकानाशी जोडलेल्या ग्राहकाला त्याच गाण्यांसाठी एकूण १२९ डॉलर पडत. फरकाचा आधारच नाहीसा झाल्यावर ३० सेंट नेमके कशाचे, या प्रश्नाला उत्तर उरले नाही.

६ जानेवारी २००९ रोजी दुकानातील सर्व संगीत कुलूपमुक्त करण्याची घोषणा झाली, तेव्हा हा प्रश्न अधिक व्यापक झाला. प्रारंभी अपग्रेड सर्व उपलब्ध गाण्यांचे एकत्रच करावे लागे. पाचशे गाणी असणाऱ्यास दीडशे डॉलर द्यावे लागत. आवडीची दहा निवडण्याची सोय नव्हती. सुटी गाणी निवडण्याची मुभा त्याच महिन्याच्या अखेरीस मिळाली. एप्रिल २००९ पासून ६९ सेंट, ९९ सेंट व १.२९ डॉलर असे तीन दर आले.

येथे दोन भिन्न गोष्टी एकाच दरात बांधल्या होत्या. ध्वनीचा दर्जा वाढणे ही नवी सेवा होय. तिचे मूल्य मागणे गैर नाही. कुलूप काढणे मात्र नवी सेवा नव्हे, तर विक्रेत्यानेच ठेवलेल्या उणिवेची दुरुस्ती होय. केवळ दुसरी गोष्ट हवी असणाऱ्यालाही दोहोंचे पैसे द्यावे लागत.

प्रतिवाद

या धोरणाच्या बाजूनेही काही म्हणता येईल. कुलपाचा आग्रह मुळात बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा होता. शिवाय कॅसेटवरून सीडीकडे वळताना ग्राहक पूर्ण किंमत मोजतच असे. त्या मानाने ३० सेंट अल्पच. हा युक्तिवाद अर्धाच टिकतो. कॅसेट कोणत्याही कॅसेट प्लेअरवर वाजे आणि सीडी ही वेगळीच वस्तू होती. येथे वस्तू तीच होती. बदलली ती वापराची मुभा. कुलूपबंद गाणे सीडीवर उतरवून पुन्हा संगणकावर घेता येई. पण त्यात श्रम होते आणि पुन्हा संकोचन केल्यास ध्वनीचा दर्जाही घटे.

समारोप

नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेत वार्षिक २४.९९ डॉलर शुल्काची ‘आयट्यून्स मॅच’ सेवा आली. तिच्याद्वारे जुन्या गाण्यांच्या जागी २५६ किलोबिटच्या कुलूपरहित प्रती मिळवता येत. ३० सेंटच्या दराने अवघ्या ८४ गाण्यांचे अपग्रेड २५.२० डॉलरला पडे. म्हणजे ज्यांनी आधी पैसे भरले, त्यांनीच अधिक भरले. पुढे अन्य डिजिटल वस्तूंच्या दरधोरणाचा विचार करताना यातून एक निकष हाती येतो : वाढीव गुणवत्तेचे मूल्य घ्यावे, पण स्वतः घातलेले बंधन सोडवण्याचे मूल्य पूर्वग्राहकाकडून घेऊ नये.